बालपणातील कौटुंबिक प्रतिकूलता आणि किशोरवयातील स्वइजा

स्वइजा (मरणाचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून केलेली इजा) बहुधा १२ ते १४ या वयात सुरू होते. ती लक्ष वेधण्यासाठी केली जाते, हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुले ती लपवतात. असह्य भावना तात्पुरती शमवणे, हा मुख्य हेतू असतो.

घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, हेटाळणी, दुर्लक्ष किंवा व्यसन अशा प्रतिकूल अनुभवांनी हा धोका वाढतो. सायकल शिकताना कोणीतरी मागून सीट धरते, म्हणून तोल अंगवळणी पडतो. भावना सावरणेही मूल मोठ्यांच्या आधारानेच शिकते. तो आधारच भीतीचे कारण ठरला, की भावनांचे नियमन (तीव्र भावना ओळखून शांत करण्याची क्षमता) कच्चे राहते.

मात्र धोका म्हणजे अटळ भविष्य नव्हे. खडतर बालपण वाट्याला आलेली अनेक मुले स्वइजा करत नाहीत आणि प्रेमळ घरातील काही करतात. त्यामुळे जखम दिसताच पालकांना दोषी ठरवणे योग्य नाही. न रागावता ऐकून घेणारी विश्वासू व्यक्ती आणि मानसोपचार यांनी मुले सावरतात. भारतात टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत मदत मिळते.