पंचेचाळीस म्हणजे वय नव्हे

रविवारची सकाळ होती. मी पोहे-जिलबी आणून टेबलावर मांडत होतो आणि आमच्या अकरावीतल्या लेकीच्या खोलीतून एक इंग्रजी गाणं मोठ्यानं ऐकू येत होतं. मला त्यातले दोनच शब्द नीट कळले. एक 'आशा' आणि दुसरा बाईच्या छातीसाठीचा इंग्रजी शब्द, तोही पुन्हा पुन्हा. बाहेर आई बसलेली. मी दार ढकललं आणि म्हणालो, "आजीसमोर असली गाणी लावायची नाहीत!" लेकीनं गाणं बंद केलं, कानात हेडफोन घातले आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "बाबा, रागावण्याआधी अर्थ तरी विचारायचा होतात."

मग मी विचारला. गाण्याचं नाव 'ब्रिमफुल ऑफ आशा', म्हणजे आशेनं काठोकाठ भरलेलं. इंग्लंडच्या 'कॉर्नरशॉप' या बँडनं ते १९९७ साली काढलं. लिहिणारा आणि गाणारा तजिंदर सिंग, तिथेच जन्मलेला, पंजाबी घरातला. नाक्यावरचं दुकान म्हणजे आशियाई माणसाचंच, अशी तिकडे एक ठरीव समजूत. तोच टोमणा या मुलांनी बँडचं नाव म्हणून लावून घेतला. सुरुवातीला गाण्याकडे फार कुणी पाहिलं नाही. पुढे नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, यानं त्याची वेगवान आवृत्ती केली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

आणि ही आशा कोण? आपली आशा भोसले! सांगलीजवळच्या गोआरमध्ये जन्मलेली. गाण्यात रफींचं नाव आहे, आणि १९२९ साली आपल्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या लताबाईंचंही.

"पण दर नावामागे ते पंचेचाळीस कशाला?" मी विचारलं. मला वाटलं, कुणाचं तरी वय असेल. (मी नुकताच पंचेचाळीस पूर्ण केलीत, म्हणून कान टवकारले.) लेक हसली. पंचेचाळीस म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची लहान तबकडी. गायक, रेडिओ, रेकॉर्ड कंपन्या यांची नावं घेत हा माणूस घरातल्या तबकड्यांची जणू जपमाळ ओढतो. त्या माळेत 'ऑल इंडिया रेडिओ'सुद्धा आहे.

मग माझा आक्षेपाचा शब्द. गाणं म्हणतं ते इतकंच, की प्रत्येकाला डोकं टेकायला एक ऊर हवा. परक्या देशात दिवसभर राबून आलेल्या आईबापांना तो ऊर या तबकड्यांत मिळत होता. मी ज्याला अश्लील म्हणालो, ते खरं तर अंगाई होतं. आपल्याला हे नवीन नको वाटायला. एकनाथांची भारुडं आपण ऐकत आलो. वर दिसतो विंचू, आत असतो विकार. देवास इथून तासाभरावर, तिथे कुमारजींनी कबीराचं निर्गुण गायलं. शब्दाच्या आत दुसरा शब्द असतो हे माळव्यात राहून मी विसरलो, याचं वाईट वाटलं.

एक कोडं मात्र लेकीलाही सुटत नव्हतं. गाण्यात मध्येच सरकारी सूचना, साध्या राहणीचा प्रचार आणि धरणं यांचा उल्लेख येतो, आणि त्याची आम्हाला पर्वा नाही असं म्हटलंय. सिनेमाच्या गाण्यात धरणं कशी आली? नर्मदेचं पाणी पिणाऱ्या इंदूरकरांना धरण म्हटलं की लगेच आंदोलन आणि बुडालेलं हरसूद आठवतं, म्हणून मी तिकडे वळलो. आई इतका वेळ गप्प बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अगं, सिनेमाच्या आधी नाही का दाखवायचे? फिल्म्स डिव्हिजनचे ते माहितीपट! रीगलला बसलं की आधी धरण, कारखाना, बचत करा. सगळे चुळबूळ करायचे, कधी एकदा गाणं लागतंय!"

बँडच्या मनात हेच होतं, असा माझा दावा नाही. पण गाण्याच्या त्या ओळींना इतका चपखल अर्थ आम्हाला दुसरा सुचला नाही.

आई पुढे बोलत राहिली. लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आली तेव्हा तिला धड हिंदी येत नव्हतं. दुपारी सगळे बाहेर गेले की ती रेडिओ लावून बसायची. १९५२ साली केसकर मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली. मग लोक रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती आली. आई आली तेव्हा दोन्ही होतं. "हिंदी मी आशा-लताकडून शिकले," ती म्हणाली, "आणि रडलेही त्यांच्याजवळच." हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मी लेकीला म्हणालो, "चुकलो गं." मग मोबाईल टेबलावर ठेवून आम्ही तिघांनी ते गाणं ऐकलं, आधीचं संथ, मूळचं. आईनं मान डोलावली. गाणं संपल्यावर म्हणाली, "ठेका बरा आहे. पण यात आशा गातेय कुठे?"

खरंच, आशाबाईंचा आवाज त्यात नाही. लेकीकडे उत्तर नव्हतं. तिनं आजीला विचारून आशाबाईंचं एक जुनं मराठी गाणं शोधलं आणि लावलं. दुसऱ्या कडव्याला तिनं हात वर केला.

"आजी, थांब. या शब्दाचा अर्थ काय?"