रुग्णसेवकांची ‘नैतिक घुसमट’ : थकव्यापलीकडचे दुखणे

तंजावर : मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तंजावर येथे ‘धन्वंतरी महाल’ उभारून विविध वैद्यकपद्धतींना एका छताखाली आणले. याच नगरीत १९५९ पासून तंजावर वैद्यकीय महाविद्यालय असून, त्याच्याशी संलग्न राजा मिरासदार रुग्णालय माता व बालकांच्या उपचारांसाठी परिचित आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ग्रामीण कुटुंबांचा मोठा आधार शासकीय रुग्णालयेच असतात. रुग्ण परत पाठवता येत नाही आणि मनुष्यबळ मात्र मर्यादित, ही देशभरातील अशा रुग्णालयांची स्थिती आहे. ‘नैतिक घुसमट’ येथूनच सुरू होते.

ही संकल्पना अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात मांडली. योग्य काय ते ठाऊक असते, पण व्यवस्थेच्या अडचणींमुळे तसे वागता येत नाही, तेव्हा होणारी वेदना म्हणजे नैतिक घुसमट. दोन अत्यवस्थ रुग्णांना एकाच वेळी गरज असताना परिचारिका एकीकडेच जाऊ शकते. दुसऱ्या खाटेची सल तिच्या मनात उरते.

अशी सल साचत गेल्यास ‘बर्नआउट’ होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. शक्तिपात, कामाविषयी अलिप्तता वा कटुता आणि कार्यक्षमता घटल्याची भावना ही त्याची तीन लक्षणे होत. रजा व विश्रांतीने थकवा ओसरतो. नैतिक घुसमट मात्र परिस्थिती न बदलल्यास कामावर परतताच पुन्हा जाणवते.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम अपेक्षित नाही. तरीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाला २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास व एक साप्ताहिक सुटी अशी शिफारस करावी लागली. त्याच्या ऑनलाइन सर्वेक्षणात २७.८ टक्के पदवी आणि १५.३ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मानसिक आरोग्याच्या तक्रारीचे निदान झाल्याचे नमूद केले.

समुपदेशन आवश्यक असले, तरी ते पुरेसे नाही. रिक्त पदे भरणे, कामाचे तास पाळणे, कठीण निर्णयांची जबाबदारी वरिष्ठांनी वाटून घेणे आणि कनिष्ठांना निर्भयपणे अडचण मांडता येणे, हे उपाय व्यवस्थेच्या हाती आहेत. खचलेल्या रुग्णसेवकाकडून चुका होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे हा प्रश्न जितका त्याचा, तितकाच रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे.