राजपुरीच्या खाडीतील जिताडा

ओळख : रायगडच्या किनाऱ्यावर मेजवानीचा मानकरी गणला जाणारा जिताडा, म्हणजेच बंगालातील भेटकी, शास्त्रात ‘लॅटिस कॅल्करिफर’ होय, त्याचे प्रथम वर्णन 1790 साली ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने केले.

ठिकाण : मुरुडच्या दक्षिणेस, जंजिऱ्याच्या तटाशी समुद्राला मिळणारी राजपुरीची खाडी, पलीकडच्या काठावर दिघी बंदर. 1948 पर्यंत येथे सिद्दी नबाबांचा अंमल होता.

जीवनक्रम : पर्जन्यकाळी नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी पडतात आणि त्यांतून निघालेली पिले भरतीबरोबर खाजणांत, कांदळवनांच्या मुळांशी व पुढे गोड्या पाण्यातही शिरून वाढतात; म्हणून बंधाऱ्यांनी वाट अडली किंवा कांदळवन तुटले, की या जातीचे बालपणच हिरावले जाते. जिताडा प्रथम नर असतो, आणि बहुधा सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर मादी होतो. थोराड मासेच तेवढे जाळ्यात गेले, तर उणीव पडते ती माद्यांची. बाजारात मागणी मात्र थोराडांनाच!

उलट वाट : जिताड्याच्या नेमका उलट क्रम स्टीलहेडचा; उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा मासा म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउटच. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास नदीत परततो.

कायदा : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. यांत्रिक नौकांना पावसाळी मनाई : 1 जून ते 31 जुलै.