नोकरी बदलताना आरोग्यकवच सुटू नये

बंगळूरमधील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ओळखली जाते. सात सेक्टरांत वसलेल्या या भागात गेल्या काही वर्षांत नवउद्योगांची असंख्य कार्यालये थाटली गेली. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव येथून आलेले अनेक मराठी तरुणही येथे स्थिरावले आहेत. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणे येथे नित्याचेच. राजीनामा देताना भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा यांचा हिशेब काटेकोरपणे होतो. मात्र कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे पुढे काय, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. तो सुचतो रुग्णालयाच्या प्रवेश खिडकीपाशी, आणि तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येते.

सभासद होताना

कंपनीचा आरोग्य विमा सामूहिक स्वरूपाचा असतो. मूळ पॉलिसी कंपनीच्या नावे असते आणि कर्मचारी तिचा केवळ सभासद असतो. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासून असलेल्या आजारांनाही अशा अनेक पॉलिसींत पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. ही सवलत मोठी आहे. परंतु ती नोकरीशी बांधलेली आहे.

रुजू होतानाच कुटुंबीयांची नावे नोंदवणे अत्यावश्यक असते. आई-वडिलांचा समावेश आहे की नाही, असल्यास वाढीव हप्ता कोणी भरायचा, हे लेखी तपासावे. विवाह झाल्यावर जोडीदाराचे किंवा जन्मानंतर बाळाचे नाव ठरावीक मुदतीत कळवावे लागते. ही मुदत चुकल्यास बहुधा पुढील नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते.

सभासदत्व संपताना

बहुतेक सामूहिक पॉलिसींत कामाच्या अखेरच्या दिवशी कर्मचाऱ्याबरोबर त्याच्या कुटुंबाचेही संरक्षण संपते. नवी नोकरी महिन्याभराने सुरू होणार असेल, तर तो महिना उघड्यावर जातो.

यावर नियमांत उपाय आहे. सामूहिक पॉलिसीच्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येते. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय, म्हणजेच पोर्टेबिलिटी, भारतात १ ऑक्टोबर २०११ पासून उपलब्ध झाली. दोन्ही मार्गांचा मुख्य लाभ एकच : प्रतीक्षा काळाची पूर्वी पूर्ण केलेली वर्षे वाया जात नाहीत.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बेचाळीस वर्षांचा मधुमेही कर्मचारी तीन वर्षे तीन लाख रुपयांच्या सामूहिक संरक्षणाखाली होता. नोकरी सोडल्यावर त्याने सर्वस्वी नवी पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारासाठी त्याला कमाल ३६ महिने थांबावे लागू शकते. ही कमाल मर्यादा पूर्वी ४८ महिने होती; १ एप्रिल २०२४ पासून ती कमी करण्यात आली. शिवाय अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांत सहसा कोणताही दावा मिळत नाही. त्याने वेळेत स्थलांतर केले, तर तीन वर्षांचे श्रेय त्याच्या पदरात पडते. मात्र हे श्रेय जुन्या तीन लाखांपुरतेच असते. त्याने दहा लाखांची पॉलिसी घेतल्यास उरलेल्या सात लाखांसाठी प्रतीक्षा काळ नव्याने मोजला जातो.

या सोयीसाठी सातत्य हवे. म्हणून राजीनाम्याच्या सूचना काळातच विमा कंपनीकडे अर्ज करणे श्रेयस्कर. पोर्टेबिलिटीसाठी नूतनीकरणापूर्वी किमान दीड महिना हालचाल सुरू करावी. कंपनीकडून सभासदत्वाचा कालावधी, विमा रक्कम आणि दाव्यांचा तपशील लेखी घ्यावा.

नव्या अर्जात आजार लपवू नयेत. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. परंतु तोवर लपवलेला आजार दाव्याच्या मुळावर येऊ शकतो. वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता जड वाटत असल्यास एक बाब दिलासादायक आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

सुरक्षारक्षक, मदतनीस यांचे काय?

याच वसाहतीतील सुरक्षारक्षक, दुकानांतील कर्मचारी यांच्यापैकी अनेकांचा आधार म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. सभासदत्वासाठी मासिक वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के ठरली.

पगारवाढीमुळे वेतन मर्यादेबाहेर गेले, तरी सभासदत्व त्याच दिवशी तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. जुलैमध्ये वेतन वाढल्यास वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत चालू राहते आणि त्या वर्गणीशी संबंधित लाभ काळ पुढील जानेवारी ते जून हा असतो. पगारवाढीच्या आनंदात ‘आता कार्ड निरुपयोगी झाले’ असे समजून उपचारांचा हक्क सोडू नये.

बँकेच्या खात्याशी जोडलेली पॉलिसी

बँकांमार्फत खातेदारांना मिळणाऱ्या सामूहिक पॉलिसींनाही हेच तत्त्व लागू पडते. सभासदत्व खात्याशी निगडित असल्याने शहर बदलताना खाते बंद करण्यापूर्वी पॉलिसीची व्यवस्था लावावी. हप्ता खात्यातून परस्पर वळता होत असल्यास त्या तारखेला पुरेशी शिल्लक ठेवावी. वार्षिक हप्ता चुकल्यास मिळणारी ३० दिवसांची सवलत मुदत सातत्य राखते. परंतु मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा खर्च मिळेलच असे नाही.

नव्या नोकरीचे नियुक्तिपत्र हाती येताच दोन तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात : जुने संरक्षण संपण्याची आणि नवे सुरू होण्याची. त्यांच्यात एका दिवसाचेही अंतर दिसले, तर ते राजीनाम्यापूर्वीच बुजवावे.