पहाटेच्या रानवाटेला डोक्यावरचा दिवा

फाल्गुन सरत आला की आपल्या गोंदिया जिल्ह्यातील जंगलाकाठच्या गावांची झोप लवकर मोडते. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागात रात्रीच्या शेवटच्या प्रहरी मोहाची फुले गळू लागतात आणि उजाडेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. उशीर झाला तर गुरे खातात, हरणे खातात किंवा दुसरा कोणी वेचून नेतो. म्हणून टोपली घेऊन माणसे अंधारातच निघतात आणि त्यांत बायाबापड्या अधिक असतात. मोह आटोपला की तेंदूपत्ता येतो. ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा तर तिथेही पहाटेची पायपीट चुकत नाही. उन्हाळी धानाला पाणी देणारा शेतकरी रात्री वीज आली की बांधीवर जातो आणि रानडुकरांपासून पीक राखणारा जागलीला जातो. या सर्वांना उजेड हवा असतो आणि हातही मोकळे हवे असतात.

एकेकाळी कंदील होता, पुढे हातातली बॅटरी आली. आता आठवडी बाजारात रबरी पट्ट्याची, डोक्याला बांधायची बॅटरी सर्रास मिळते. हा दिवा मूळचा खाणकामगारांचा. बालाघाटजवळच्या भरवेलीसारख्या भूमिगत मँगनीज खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या टोपीवर तो असतो, कारण त्याला दोन्ही हातांनी काम करायचे असते. मोह वेचणाऱ्या बाईची गरज तीच आहे. परंतु दुकानात गेल्यावर कोणता दिवा घ्यावा हे सांगणारे कोणी नसते. मजुरीचा पैसा वाया जाऊ नये आणि चुकीच्या भरवशावर जीव धोक्यात पडू नये, म्हणून हा लेख.

लांबचा झोत नको, पायापुरता उजेड हवा

दुकानदार पहिल्याने झोत किती लांब जातो ते दाखवतो. त्याला भुलू नये. खोक्यावर छापलेले झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका मंद उरतो तिथपर्यंतचे अंतर. तेवढ्या उजेडात लांबचे काही नीट ओळखू येत नाही. शिवाय लांब जाणारा झोत अरुंद असतो. समोर प्रखर ठिपका पडतो आणि आजूबाजूचा काळोख अधिकच दाट वाटतो. वेचणाऱ्याला आणि बांधीवर चालणाऱ्याला पसरट उजेड लागतो, म्हणजे पायाखालची आणि दोन्ही बाजूंची जमीन एकदम दिसते.

उजेड ल्युमेन या मापाने मोजतात. चालायला आणि वेचायला १०० ते २०० ल्युमेन पुरेसे असतात. उजेड कमी-जास्त करण्याचे दोन-तीन टप्पे असावेत. दिवा खाली वाकवता येईल अशी बिजागरी असावी, नाहीतर वाकून वेचताना मान अवघडते. लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम. प्रखर पांढऱ्या उजेडानंतर डोळ्यांना पुन्हा अंधाराची पुरती सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. मंद लाल उजेडात तो त्रास बराच कमी होतो आणि सोबतच्या माणसाचे डोळेही दिपत नाहीत.

सेलवरचे आकडे

चार्जिंगच्या बहुतेक दिव्यांत १८६५० या नावाचा जाड सेल असतो. त्यावर किती एमएएच लिहिले आहे ते वाचावे. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० पर्यंत असते. स्वस्त सेलवर ९,९०० सारखा आकडा छापलेला दिसला तर तो खोटा आहे असे खुशाल समजावे. असा सेल बरेचदा सर्वांत हलका निघतो.

‘इतके तास चालतो’ हा दावाही तपासून घ्यावा. प्रचलित मापनपद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा काळ धरतात. म्हणजे शेवटच्या तासांत दिवा केवळ मिणमिणत असतो. त्यासाठी घरीच परीक्षा घ्यावी. पूर्ण चार्ज करून संध्याकाळी मधल्या टप्प्यावर दिवा लावावा, घड्याळ पाहावे आणि अंगणातली वाट कधी नीट दिसेनाशी होते ते टिपून ठेवावे. मधल्या टप्प्यावर चार-पाच तास नीट उजेड देणारा दिवा पहाटेच्या कामाला पुरतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे साध्या पेन्सिल सेलवर चालणारा दिवा सोयीचा, कारण ते सेल किराणा दुकानातही मिळतात.

दिवा पावसात वापरायचा असेल तर खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ पाहावे. याचा अर्थ चहूबाजूंनी उडालेल्या पाण्याने तो बिघडत नाही. ‘आयपीएक्स ७’ असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. धानाच्या चिखलात काम करणाऱ्याने चार्जिंगच्या छिद्रावर घट्ट रबरी झाकण आहे की नाही ते बघूनच पैसे द्यावेत. वजन शंभर ग्रॅमच्या आत असले तर कपाळ दुखत नाही. भगिनींनी तो पदरावर, अंबाड्यासह बांधून पाहावा. सैल राहिला तर वाकताच डोळ्यांवर येतो. पट्टा काढून धुता यावा, कारण घामाने तो लवकर कुजतो.

फुगलेला सेल पुन्हा वापरू नये. चार्जिंगला लावलेला दिवा अंथरुणात किंवा चुलीजवळ ठेवू नये.

दिव्याला काय दिसत नाही

डोक्यावरच्या दिव्याची एक उणीव दुकानात कोणी सांगत नाही. उजेड आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळून निघत असल्याने वस्तूची सावली तिच्याच मागे लपते. त्यामुळे जमीन सपाट दिसते आणि खड्डा, वेटोळे, धुऱ्यावर पडलेला साप चटकन उठून दिसत नाही. म्हणून चालताना दिवा काढून कमरेशी धरावा किंवा हातात दुसरी छोटी बॅटरी घ्यावी. खालून तिरपा उजेड पडला की सावल्या लांबतात आणि मण्यार, घोणस वेळीच नजरेस पडते. पायात बूट आणि हातात काठी हवीच.

दिव्याच्या उजेडात चितळाचे, रानमांजराचे, बिबट्याचे डोळे चमकतात. गवतात दवबिंदूंसारखे बारीक ठिपके चमकले तर ते बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत. तेव्हा ‘काही चमकले नाही, म्हणजे वाट मोकळी’ असे कधीही समजू नये. इतके करूनही साप चावलाच तर जखम कापू नये, मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करून थेट सर्पविषावरील लस असलेला दवाखाना गाठावा. मोबाइलची बॅटरी यासाठीच राखून ठेवावी, उजेडासाठी ती संपवू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट

नवेगाव-नागझिरा हे क्षेत्र डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडील जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. अस्वलालाही मोहाची फुले आपल्याइतकीच प्रिय आहेत आणि तेही पहाटेच झाडाखाली येते. वाकून वेचणारा माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. कितीही ल्युमेनचा दिवा घेतला तरी तो वाघाला थांबवू शकत नाही. दिव्याचे धैर्य हे खोटे धैर्य आहे.

परदेशात असे दिवे शिकाऱ्यांसाठी म्हणूनही विकले जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. ससा किंवा रानडुक्कर मारायला दिवा घेऊन निघालेला तरुण तुरुंगाची वाट धरतो. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणे हाही गुन्हा आहे.

मोहाखालचा पाचोळा जाळण्याची सवयही सोडावी. त्याच आगीने जंगल पेटते आणि पुढच्या हंगामाचा तेंदू जळतो. चांगला उजेड आणि खराटा असला तर जाळायची गरज उरत नाही. त्याहून बरे म्हणजे झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरावीत. फुले स्वच्छ राहतात आणि वाकणेही कमी होते.

मग अंधारात जायचेच कशाला? दुसरा आधी वेचून नेईल, या भीतीने. ही भीती एकट्याने घालवता येत नाही, पण गावाने घालवता येते. कोणते झाड कोणाचे ते बहुतेक गावांत ठरलेलेच असते. उजाडल्यावरच, चार-पाच जणांनी मिळून, मोठ्याने बोलत निघायचे, एकाने उभे राहून पहारा द्यायचा, असा निर्णय ग्रामसभेत झाला तर कोणाचेच नुकसान होत नाही. गुराढोरांनी थोडी फुले खाल्ली तर ती टोपलीभर कमी होतील. घरचे माणूस मात्र पुन्हा मिळत नाही. वाघ-अस्वलाचा वावर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. रात्रीच्या ओलितासाठी दिवसा वीज मिळावी ही मागणीही लावून धरली पाहिजे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. ती आपल्या गावापर्यंत आली का, हे ग्रामपंचायतीत विचारावे.

दिवा अवश्य घ्या, पारखून घ्या. परंतु तो घरून निघण्यासाठी नव्हे, उशीर झाला तर सुखरूप घरी परतण्यासाठी आहे, एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.