सीए, जीमॅट, हार्वर्ड... चान्स किती?

समजा, पाच-सहा वर्षांनी तुमचं प्रोफाइल असं आहे : बी.कॉम., सीए, बीकेसीतल्या एका बँकेत साडेतीन वर्षं कॉर्पोरेट कर्जांचं काम आणि जीमॅटला ६८५. डोळ्यांसमोर हार्वर्ड, स्टॅनफर्ड, नाहीतर हैदराबादची आयएसबी. घेतील का तुम्हाला?

घरचे म्हणणार, 'सीए आहे आमचा, का नाही घेणार?' इथेच तर घोडं पेंड खातं! तुमची पहिली स्पर्धा असते ती तुमच्यासारख्याच भारतीय फायनान्सवाल्यांशी. बी-स्कूलला वर्गात डॉक्टर, सैन्यातले अधिकारी, एनजीओवाले असे सगळे हवे असतात. त्यात हार्वर्डची एमबीएची एक बॅच साधारण साडेनऊशेची, स्टॅनफर्डची तिच्या निम्म्याहूनही लहान.

६८५ हा स्कोअर वाईट नाही हं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमध्ये कमाल ८०५ मिळतात आणि त्यातले ६४५ म्हणजे जुन्या ७००च्या जवळपास. पण बँकेत काम करणाऱ्याला आकडेमोड येते, यात नवल ते काय?

सीएची गंमत वेगळीच. पास व्हायला प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात. तुमचे ५४ टक्के बघून शेजारचे काका पेढे मागतील, पण बोस्टनमध्ये अर्ज वाचणाऱ्याला ते काठावरचे वाटू शकतात. ही परीक्षा काय चीज आहे, हे अर्जात दोन ओळींत सांगून टाका.

खरी गोची असते रेझ्युमेत. '५०० कोटींच्या डीलवर काम केलं' हे सगळेच लिहितात. ५०० कोटी बँकेचे, तुमचं काय? एखाद्या कंपनीचा ताळेबंद चकचकीत असताना तुम्ही गोदामात जाऊन माल मोजलात आणि साहेबांना कर्ज थांबवायला लावलंत, असं काही घडलं असेल तर ते लिहा. शिफारसपत्रही त्याच साहेबांकडून घ्या. कधीतरी लिफ्टमध्ये भेटलेल्या एमडीचं नाव कितीही मोठं असलं तरी त्यांना तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. आणि 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे तर बी-स्कूलला अजिबात चालत नाही.

आता कॉलेजात असलेल्यांसाठी. जीमॅट पुन्हा देता येते, स्कोअर पाच वर्षं चालतो. तिसऱ्या सेमिस्टरचा सीजीपीए मात्र पाच वर्षांनी बदलता येत नाही. आयआयएम अहमदाबाद तर कॅटवाल्यांची छाननी करताना दहावी-बारावीचे मार्कही धरते.

मग वरच्या प्रोफाइलचं काय? माझ्या मते आयएसबीला जरूर अर्ज करावा. एका वर्षात कोर्स उरकतो, नोकरीबाहेरचा काळ कमी. हार्वर्डची एका वर्षाची फीच ७५ हजार डॉलरच्या वर आहे. तिथे अर्ज करण्याआधी त्या गोदामासारखे आणखी दोन किस्से आपल्याकडे आहेत का, ते बघा. नसतील तर एक वर्ष थांबा आणि बँकेत जरा अवघड काम मागून घ्या.