घरपट्टीचा पैसा जातो कुठे?

सातारा-सांगलीला गावकारभाराचा वारसा मोठा आहे. औंध संस्थानाने 1939 साली गावपंचायतींच्या हाती सत्ता दिली. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तरीही गावाच्या पैशाबद्दल पारावर भलतेच बोलले जाते.

गैरसमज : घरपट्टी सरकारजमा होते.
राज्याकडे जातो तो तलाठ्याकडे भरलेला शेतसारा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर ग्रामपंचायतीच्या ग्रामनिधीत जमा होतात. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने हे कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. दर मात्र राज्याने आखलेल्या मर्यादेतच ठरवावे लागतात.

गैरसमज : वित्त आयोगाचे पैसे येतात, मग घरपट्टी कशाला?
गावाचे सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी दिलेल्या अनुदानातला 60 टक्के निधी बंधित होता : निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार भागवायला मनाई होती. म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातला ग्रामपंचायतीचा हिस्सा घरच्याच वसुलीतून काढायचा. शिवाय लोकनियुक्त सभागृह नसलेल्या संस्थेला हे अनुदान मिळत नव्हते. मार्च 2022 मध्ये सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि जिल्हा परिषद व पंचायत समितीचा प्रत्येकी 10 टक्क्यांचा वाटा अडकला. वरून येणारा पैसा असा कधीही थांबू शकतो.

गैरसमज : 29 विषय घटनेनेच गावाला देऊन टाकले.
73 व्या घटनादुरुस्तीने यादी दिली. त्यातले किती अधिकार द्यायचे, हे राज्याचे विधिमंडळ ठरवते.

गैरसमज : कल्याणाच्या योजना फक्त मुंबईहून येतात.
लाडकी बहीण किंवा निराधार अनुदान सरपंचाच्या हातात नाही, हे खरे. पण ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. उत्पन्न 2 लाख असेल तर दिव्यांगांच्या वाट्याला 10 हजार येतात, निम्म्यावर आले तर 5 हजारच. ऐपत असून घरपट्टी थकवणारा आपल्याच गल्लीतल्या दिव्यांगाचा हक्क बुडवतो.

पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा : यंदा वसुली किती झाली, आणि दिव्यांगांचे 5 टक्के कशावर खर्च झाले? त्याआधी स्वतःची पावती फाडून घ्या.